सर, तो गोल धरायचा की नाही?

१९८६चा जून. शाळा उघडून जेमतेम आठवडा झाला होता, आपण नुकतेच दहावीत आलो होतो. २२ तारखेला, रविवारी रात्री साडेअकराला, मेक्सिकोतून विश्वचषकाचा अर्जेंटिना-इंग्लंड सामना दूरदर्शनवर दिसणार होता. तिकडे भर दुपारचे बारा. जळगावात आमच्या गल्लीत टीव्ही एकच, तोही कृष्णधवल. त्या घरच्या काकूंनी सतरंजी टाकून दिली आणि आम्ही चौदा पोरं दाटीवाटीने बसलो. आपल्याला फुटबॉल तो किती ठाऊक? खो-खो, कबड्डी आणि टेनिस बॉलचं क्रिकेट. ऑफसाइड म्हणजे काय, हे चौदांपैकी एकालाही सांगता येत नव्हतं. तरी अख्खी सतरंजी अर्जेंटिनाची होती.

कारण सरळ होतं. समोर इंग्रज होते. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं. ९ सप्टेंबर १९४२ला तिथे पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गेले, ही गोष्ट आपण पहिलीपासून ऐकत आलेलो. शिरीषकुमार गेला तेव्हा पंधरा वर्षांचा, म्हणजे आपल्याच वयाचा.

अर्जेंटिनाच्या लोकांचंही इंग्लंडशी ताजं दुखणं होतं, हे मला फार उशिरा कळलं. १९८२मध्ये माल्विनास बेटांसाठी (इंग्रज त्यांना फॉकलंड म्हणतात) झालेल्या युद्धात त्यांचे ६४९ जण मेले. त्यांत सक्तीने भरती केलेली अठरा-एकोणीस वर्षांची पोरं पुष्कळ होती. सामन्याआधी खेळाडू म्हणत होते की हा फक्त खेळ आहे. मॅराडोनाने पुढे आत्मचरित्रात कबूल केलं की मनात सूडच होता.

मध्यंतरानंतर आमची लाईट गेली. आली तेव्हा अर्जेंटिना १-० पुढे. गोल कसा झाला, कोणी पाहिलाच नव्हता. आणि लगेच, ५५व्या मिनिटाला, मॅराडोनाने आपल्याच अर्ध्या मैदानातून चेंडू घेतला आणि एकेकाला चकवत, शेवटी गोलरक्षक शिल्टनलाही मागे टाकून तो जाळ्यात घातला. धुळ्याहून आलेला माझा मावसभाऊ उभा राहून ओरडला, "बरं जायं भो!" काकू दचकून जाग्या झाल्या.

त्याच क्षणी रेडिओवर स्पॅनिशमध्ये समालोचन करणारा व्हिक्टर ह्यूगो मोरालेस रडत रडत मॅराडोनाला अंतराळातला पतंग म्हणत होता, कुठल्या ग्रहावरून आलास म्हणून विचारत होता. मला नवल याचं वाटतं की हा माणूस मूळचा उरुग्वेचा. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत भाषा एक, पण मैदानावरची वैरं जुनी. १९३०च्या पहिल्याच विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात उरुग्वेने अर्जेंटिनाला ४-२ हरवलेलं, आणि या सामन्याच्या सहाच दिवस आधी अर्जेंटिनाने उरुग्वेला स्पर्धेबाहेर काढलेलं. तरी तो रडला. मग आम्ही ओरडलो त्यात काय विशेष!

सामना संपेपर्यंत रात्रीचा एक वाजून गेला, त्यामुळे बातमी मंगळवारच्या पेपरात आली. पहिला गोल मॅराडोनाने हाताने केला होता. वर्गात दोन तट पडले, आठवतंय ना? इंग्रजांनी दीडशे वर्षं लुटलं, त्यांचा एक गोल लाटला तर काय बिघडलं, असं म्हणणाऱ्यांत मी पुढे होतो. इतिहासाच्या सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "कबड्डीत स्वतः बाद झालेला कळतं ना? मग पंचाने पाहिलं नाही तर काय करता?" कोणी बोलेना. शेवटच्या बाकावरून आवाज आला, "सर, समोर कोण आहे त्यावर." वर्ग हसला, सरही हसले. फळ्यावर कोणीतरी २-१ लिहून ठेवलं होतं. सरांनी डस्टर घेतलं, २ पुसून १ केला आणि धडा सुरू केला.

२९ जूनला अर्जेंटिनाने पश्चिम जर्मनीला ३-२ हरवून चषक नेला. तेव्हा लाईट गेली नाही. १८ डिसेंबर २०२२च्या रात्री मेस्सीच्या संघाने चषक जिंकला, तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाआधी तोच जुना वाद पेटला. सर मेळाव्याला येणार आहेत म्हणे. मी अजून २-१वाल्यांत आहे आणि त्यांना पुन्हा विचारणार आहे.