मुळशीचे खोरे आणि नकाशावरची एक रेषा

१/ पाण्याखाली गेलेले खोरे पाहायचे असेल, तर जुना स्थलनिर्देशक नकाशा उघडावा लागतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ‘४७ एफ’ या गटातील पत्रकांत पुण्याच्या पश्चिमेचे मुळशी खोरे येते. जुने प्रमाण : एका मैलाला एक इंच, म्हणजेच १:६३,३६०.

२/ अशा नकाशात समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांना समोच्चरेषा म्हणतात. रेषा विरळ असतील तर उतार सौम्य. दाट असतील तर कडा. मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यात त्या सैल आहेत. पश्चिमेला, सह्याद्री कोकणात उतरतो तिथे, त्या एकमेकींना भिडतात.

३/ मावळातल्या शेतकऱ्याला या सैल रेषांमध्ये आंबेमोहोर भाताची खाचरे दिसली असती. टाटांच्या वीजप्रकल्पाच्या अभियंत्यांना दाट रेषा महत्त्वाच्या होत्या. मुळेचे पाणी मूळचे पूर्ववाहिनी. भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळणारे. ते अडवून पश्चिमेकडे वळवले, तर सुमारे ५०० मीटर खाली, भिरा येथे, त्यापासून मुंबईसाठी वीज निर्माण होणार होती.

४/ धरणाची उंची ठरली की पाणी कुठवर चढेल, हे समोच्चरेषाच सांगते. त्या रेषेच्या आत जे आले, ते बुडणार होते. सुमारे ५० गावांना याची झळ पोहोचली.

५/ १६ एप्रिल १९२१, रामनवमी. मुळशी सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्यातले प्रमुख नेते. बापटांना ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्याने दिली. घोषणा होती : ‘जान किंवा जमीन’.

६/ पण जमीन नेमकी कोणाची? बरीच शेते सावकारांच्या नावावर गेली होती. मोबदल्याचा प्रश्न येताच मालक आणि कसणारे कूळ यांचे हित एक राहिले नाही. १९२४ अखेर लढा ओसरला. पुढे धरण पूर्ण झाले.

७/ स्थलनिर्देशक नकाशा वाडी, विहीर, देऊळ आणि पायवाट दाखवतो. खाचर कोण कसतो, हे तो सांगत नाही. त्यासाठी गावनकाशा आणि महसुली दप्तर पाहावे लागते, आणि तिथेही कुळाचे नाव सापडेलच असे नाही.

८/ म्हणून जुना नकाशा हाती आला, तर डोंगर-नद्या ओळखून थांबू नका. प्रत्येक रेषेच्या आत कोण राहत होते, हेही शोधा. मुळशीच्या जलाशयाचा आजचा काठ ही एकेकाळी कागदावरची रेषाच होती.