‘रसायन’ आणि ‘प्रतिऑक्सिडीकारक’

पनवेल येथे १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी ‘धूतपापेश्वर’ हा आयुर्वेदीय औषधी कारखाना स्थापिला. अशा कारखान्यांमुळे ‘रसायन’ ही संहितांतील संज्ञा घरोघरी परिचित झाली. चरकाने मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल व शंखपुष्पी यांस ‘मेध्य रसायन’ म्हटले. तेथे धातुपोषण व बुद्धिवर्धन अभिप्रेत आहे. १९५६ साली डेनहॅम हार्मन यांनी वार्धक्याचा संबंध पेशींना इजा करणाऱ्या मुक्त मूलकांशी जोडला. पुढे रसायन म्हणजेच प्रतिऑक्सिडीकारक, असे समीकरण रूढ झाले. परंतु २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, साडेसात हजारांवर वृद्ध पुरुषांच्या चाचणीत ई जीवनसत्त्व व सेलेनियम यांनी स्मृतिभ्रंश टळल्याचे आढळले नाही. तेव्हा मेध्य वनस्पतींची परीक्षा स्वतंत्रपणेच व्हावयास हवी. पर्यायशब्द हे प्रमाण नव्हे.