अर्थ मिलत नाय

आमची ओव्याची भातशेती नव्या मुंबईसाठी गेली. मोबदल्यातले पैसे घालून काकाने १९८५ साली जुनी फियाट घेतली. १९८४ चं शेतकऱ्यांचं आंदोलन तेव्हा ताजं होतं. गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. १९६४ पासून तिथे फियाट ११०० डिलाइट बनायची, पुढे तिलाच पद्मिनी म्हणू लागले. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी ती हीच.

पहिल्याच पावसात डावा दिवा मंदावला. साइड दाखवली की तोही लुकलुकायचा. काकाने तीन बल्ब बदलले, फरक शून्य. एका रात्री बापूस तापाने फणफणला. पनवेलला नेताना गाडी खाचरात जाता जाता वाचली.

सकाळी ताप उतरल्यावर परतताना मिस्त्रीकडे थांबलो. त्याने दिव्याच्या काळ्या वायरीला दुसरी वायर जोडून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. दिवा लख्ख!

"बल्ब चांगला हाय. अर्थ मिलत नाय."

बॅटरीतून निघालेला करंट दिव्यातून गाडीच्या पत्र्यावाटे परत जातो. ती वायर जिथे पत्र्याला बोल्टाने आवळलेली, तिथे खाडीच्या खाऱ्या हवेने गंज धरला होता. मिस्त्रीने पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत घासला, बोल्ट आवळला, वर ग्रीस लावलं.

गोधडीतून बापसाने विचारलं, "अर्थ म्हंजे काय रं?"

"इंग्रजीत जमिनीला म्हंतात, दादा."

ओवे येईपर्यंत बापूस काही बोलला नाही.

२०२३ साली मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली. ट्रॅक्टरचा दिवा मंदावला, की मी अजूनही बल्बाआधी तो बोल्ट बघतो.