युवा जलव्यावसायिकांचे संपर्क मेळावे

युवा जलव्यावसायिकांचे संपर्क मेळावे म्हणजे पाणीपुरवठा, सिंचन, भूजल, सांडपाणी व पर्यावरण या क्षेत्रांत नव्याने काम करू लागलेल्या व्यक्तींच्या परस्पर परिचयासाठी आणि अनुभवांच्या देवाणघेवाणीसाठी भरविल्या जाणाऱ्या सभा होत. व्यवहारात त्यांना 'नेटवर्किंग' असेच म्हटले जाते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील अशा उपक्रमांचा, विशेषतः ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात, परिचय करून दिला आहे.

स्वरूप

नळयोजनेचा आराखडा अभियंता करतो, विहिरीची जागा भूवैज्ञानिक सुचवितो, पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासला जातो आणि ठरल्या वेळी गावाला पाणी सोडतो तो ग्रामपंचायतीचा कर्मचारी. एकाच योजनेवर काम करणाऱ्या या मंडळींची एरवी क्वचितच गाठ पडते. मेळाव्याचा उपयोग मुख्यतः येथेच असतो. छोटी सादरीकरणे, अनुभवी अभियंत्यांशी संवाद, नोकरी व शिष्यवृत्तीची माहिती आणि एखाद्या धरणाची किंवा जलशुद्धीकरण केंद्राची भेट असा कार्यक्रम साधारणपणे आखला जातो. मार्चमधील जलजागृती सप्ताह आणि 22 मार्चचा जागतिक जल दिन ही त्यासाठी सोयीची निमित्ते ठरतात.

संस्था

1999 मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल वॉटर असोसिएशनने 35 वर्षांखालील सदस्यांसाठी 'यंग वॉटर प्रोफेशनल्स' हा स्वतंत्र गट ठेवला. आज रूढ असलेली संज्ञा त्यातूनच प्रचलित झाली. भारतात इंडियन वॉटर वर्क्स असोसिएशन ही पाणीपुरवठा क्षेत्रातील व्यावसायिकांची संस्था 1968 पासून कार्यरत आहे. या वर्तुळांतील व्यवहार बहुतांशी इंग्रजीत चालतो. मराठीतून चर्चा घडवून आणण्याचे श्रेय प्रामुख्याने महाराष्ट्र सिंचन सहयोगाच्या सिंचन परिषदांना आणि भारतीय जलसंस्कृती मंडळाच्या जलसाहित्य संमेलनांना द्यावे लागेल. 1993 चे स्टॉकहोम जल पारितोषिक मिळविणारे डॉ. माधवराव चितळे यांचे या प्रयत्नांना मार्गदर्शन लाभले. या परिषदा केवळ तरुणांसाठी नसतात. तरीही शेतकरी, अभियंता व विद्यार्थी एकाच मांडवात बसण्याचा प्रसंग तेथे येतो, आणि वयाच्या अटीपेक्षा ही गोष्ट अधिक मोलाची आहे.

शहापूर व मुरबाड

मुंबईच्या पाणीपुरवठ्याचा अभ्यास करणाऱ्यास शहापूर तालुका टाळता येत नाही. 1892 मध्ये पूर्ण झालेले तानसा धरण आणि मुंबईच्या पाण्याचा सुमारे निम्मा वाटा उचलणारे भातसा धरण याच तालुक्यात आहेत. याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरणांचा साठा खोऱ्यात असतो आणि टंचाईग्रस्त वस्त्या बऱ्याचदा उंचावर असतात, हे त्याचे एक कारण. पाणी उपसण्याचा खर्च छोट्या ग्रामपंचायतीला पेलत नाही. म्हणूनच इगतपुरी तालुक्यातील भावली धरणातून गुरुत्वाने पाणी आणण्याची योजना शहापूरसाठी आखण्यात आली. अभ्याससहलीला आलेल्या तरुण अभियंत्यांनी धरणाच्या भिंतीवरून परत न फिरता टँकर जेथे रिकामा होतो ती विहीरही पाहावी, अशी अपेक्षा करणे अवाजवी नव्हे.

मुरबाड तालुक्यात प्रश्नाचे रूप वेगळे आहे. काळू नदीवरील नियोजित धरणाचे काम आवश्यक परवानग्यांच्या वादात 2012 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबले. विस्थापन, वनहक्क व शहरांची तहान हे विषय येथे एकत्र येतात. अभियांत्रिकीच्या पाठ्यक्रमात त्यांना फारशी जागा नसते, मेळाव्यात मात्र ती देता येते.

स्थानिक मनुष्यबळ

'युवा व्यावसायिक' ही संज्ञा पदवीधरांपुरती राखल्यास या तालुक्यांतील खरे कार्यकर्ते वगळले जातात. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडरचे द्रावण करून पाणी निर्जंतुक करतो, ओटी चाचणीने क्लोरीनचे प्रमाण पाहतो आणि स्रोतांचे नमुने प्रयोगशाळेकडे पाठवितो. 2019 मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. पंचायत समितीत होणारी अशी प्रशिक्षणे हीच त्यांची परस्पर भेटीची जागा होय. तेथे व्याख्यानांना भरपूर वेळ दिला जातो, आपसांतील बोलण्याला जेवणाच्या सुट्टीपलीकडे वेळ उरत नाही.

बारवी धरणाची उंची वाढविल्यानंतर प्रकल्पग्रस्त कुटुंबांतील वारसांना औद्योगिक विकास महामंडळात व हे पाणी घेणाऱ्या नागरी संस्थांत नोकऱ्या देण्याचे ठरले. त्यामुळे धरणात जमीन गेलेल्या घरांतील तरुणांना पाणी पुरविणाऱ्या व वापरणाऱ्या संस्थांतच कर्मचारी म्हणून प्रवेश मिळाला.