सबक्वेरी-मर्यादा (जँगो)

डेटाबेसला विचारलेल्या एका क्वेरीच्या पोटात लिहिलेल्या दुसऱ्या क्वेरीला सबक्वेरी म्हणतात. पायथन भाषेतील जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये एक क्वेरीसेट (क्वेरीचे जँगोतील रूप) दुसऱ्याच्या फिल्टरमध्ये दिला की ती आपोआप तयार होते. मात्र आतील क्वेरीसेटवर पहिल्या दहा नोंदींसारखी मर्यादा असल्यास मायएसक्यूएल हा डेटाबेस ‘इन’नंतरच्या सबक्वेरीत ‘लिमिट’ स्वीकारत नाही आणि १२३५ क्रमांकाची त्रुटी देते. यावर रूढ उपाय असा, की आतील क्वेरी आधी चालवून मिळालेल्या प्रायमरी की यादीत घ्याव्यात व ती यादी बाहेरील क्वेरीला द्यावी. यात डेटाबेसकडे दोन फेऱ्या होतात, दोहोंमध्ये माहिती बदलू शकते, तरी छोट्या यादीसाठी हाच मार्ग सर्वांत सुबोध ठरतो. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ही अडचण नाही.