बार्शी लाइटची छोटी इंजिने आणि त्यांच्या प्रतिकृती

सोलापूर जिल्ह्यातील जेऊर हे करमाळा तालुक्याचे जुने रेल्वेस्थानक. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा, म्हणजेच जुन्या पिढीच्या 'जीआयपी'चा, पुण्याकडून निघालेला लोहमार्ग १८५८ मध्ये भीमेकाठच्या डिकसळपर्यंत आला आणि १८५९ मध्ये जेऊरवरून पुढे बार्शी रोडपर्यंत पोहोचला. १८७१ मध्ये रायचूर येथे तो मद्रासकडून आलेल्या मार्गाला मिळाला आणि मुंबई-मद्रास हा थेट प्रवास शक्य झाला. पुढे उजनी धरणाच्या जलाशयामुळे डिकसळजवळचा मूळ मार्ग सोडून द्यावा लागला. जेऊरवरून आता विजेची इंजिने धावतात.

जेऊरहून सोलापूरच्या दिशेने निघाले की भाळवणी, कुंकवासाठी प्रसिद्ध असलेले केम आणि ढवळस ही स्थानके ओलांडून गाडी कुर्डुवाडीला येते. जुना बार्शी रोड तो हाच. पंढरपूर किंवा बार्शीला जाणाऱ्या जेऊरकराला येथे मोठ्या गाडीतून उतरून फलाटापलीकडच्या छोट्या गाडीत बसावे लागे. मोठ्या गाडीच्या रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर, तर छोटीच्या रुळांमधील ७६२. या दोन आकड्यांमुळे प्रवाशांची जी तारांबळ होई, ती या भागातील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असेल. मात्र हेच दोन आकडे आज आगगाड्यांच्या प्रतिकृती जमविणाऱ्या छंदिष्टांनाही वेगळ्या कारणाने अडवतात.

छोट्या आगगाड्यांचा छंद खेळण्यांतून जन्माला आला. जर्मनीतील मार्क्लिन या कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत खेळण्यातील रुळांची ठराविक मापे मांडली आणि त्यांना क्रमांक दिले. त्यामुळे आज घेतलेल्या रुळांवर पुढच्या वर्षी घेतलेले इंजिन चालू लागले. संग्रहाचा छंद खऱ्या अर्थाने सुरू झाला तो येथून. इंग्लंडमध्ये बॅसेट-लोक यांनी १८९९ मध्ये नॉर्थहॅम्प्टन येथे अस्सल इंजिनांशी साधर्म्य राखणाऱ्या प्रतिकृतींचा व्यवसाय थाटला. मेकॅनोचे जनक फ्रँक हॉर्नबी यांच्या गाड्या १९२० मध्ये आल्या आणि १९३८ मध्ये त्यांच्याच कंपनीने टेबलावर मावेल अशी 'हॉर्नबी डब्लो' ही लहान मापाची मालिका काढली. पत्र्याची, किल्लीची इंजिने हळूहळू मागे पडली. ओतीव धातूची, विजेवर चालणारी, रिबिटेसुद्धा मोजून घ्यावीत अशी इंजिने आली. आपल्याकडे हा छंद थोड्यांचाच राहिला. तरी पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेल्या आणि १९९८ मध्ये खुल्या झालेल्या लघुरेल्वे संग्रहालयामुळे असंख्य मराठी मुलांनी चालत्या प्रतिकृती प्रथमच पाहिल्या.

या छंदाचे सारे गणित प्रमाणावर चालते. युरोप-अमेरिकेत सर्वाधिक प्रचलित असलेले 'एचओ' प्रमाण एकास ८७ आहे. तिकडच्या रेल्वेचे प्रमाणित माप १४३५ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागले की साडेसोळा मिलिमीटर येतात आणि बाजारात मिळणारा रूळ नेमका तेवढाच असतो. ब्रिटनने मात्र 'ओओ' या नावाने एकास ७६.२ असे प्रमाण घेतले, पण रूळ तोच साडेसोळाचा ठेवला. वास्तविक या प्रमाणात तो पावणेएकोणीसच्या आसपास हवा. ब्रिटिश इंजिने अंगाने लहान असल्याने त्या काळची मोटर त्यांच्या पोटात बसत नव्हती, म्हणून ही तडजोड झाली आणि ती कायमची गळ्यात पडली.

आता भारतीय रुंद मापाचा हिशेब करू. १६७६ ला ७६.२ ने भागल्यास २२ मिलिमीटर येतात. म्हणजे जेऊरवरून एके काळी धावणाऱ्या एखाद्या डब्ल्यूपी इंजिनाची प्रतिकृती ब्रिटिश प्रमाणात बनवून बाजारातील रुळांवर उभी केली, तर तिच्या चाकांमधील अंतर मूळ प्रमाणापेक्षा चौथ्या हिश्श्याने कमी भरते. एचओ प्रमाणात ही तूट सुमारे १४ टक्के असते. डब्ल्यूपी म्हणजे १९४७ मध्ये अमेरिकेतील बाल्डविन कारखान्यात प्रथम घडलेले, बंदुकीच्या गोळीसारख्या तोंडाचे प्रवासी इंजिन. त्यातील 'डब्ल्यू' रुंद मापाचा आणि 'पी' प्रवासी गाडीचा. समोरून पाहिल्यावर जाणवणारा त्याचा ऐसपैस, जमीन धरून बसलेला रुबाब साडेसोळाच्या रुळांवर हरवतो. त्याला न्याय द्यायचा तर रूळ, आस, चाके सारे हाताने घडवावे लागते. भारतीय रुंदमापी इंजिनांच्या प्रतिकृती परदेशी इंजिनांच्या मानाने दुर्मीळ आहेत. बाजारपेठ लहान हे त्याचे एक कारण खरेच, पण हे अंकगणितही तितकेच आडवे येते.

कुर्डुवाडीची छोटी गाडी मात्र या परीक्षेत सहज उतरते. ७६२ ला ८७ ने भागले की पावणेनऊ मिलिमीटर येतात आणि ७६.२ ने भागल्यास बरोबर १०. एन गेज या अगदी लहान प्रमाणाच्या गाड्यांसाठी ९ मिलिमीटरचा रूळ १९६० च्या दशकापासून जगभर मिळतो. तोच रूळ आणि त्यावरील तयार यंत्रणा वापरून अरुंदमापी गाड्यांच्या प्रतिकृती करण्याची पद्धत तेव्हा रूढ झाली. थोडक्यात, जेऊरची मोठी गाडी छंदिष्टाच्या कपाटात शिरताना अडखळते, तर बार्शीची छोटी गाडी सहज शिरू शकते.

आणि ती शिरलीही आहे, पण दुसऱ्याच नावाने. त्यासाठी तिच्या जन्मदात्याकडे वळायला हवे. एव्हरार्ड रिचर्ड कॅल्थ्रॉप हे इंग्रज अभियंते १८८२ मध्ये जीआयपीच्या सेवेत आले. बार्शी ही तेव्हा कापसाची आणि धान्याची मोठी पेठ. पण मुख्य लोहमार्ग तिला टाळून वीसेक मैल पश्चिमेकडून गेलेला. स्थानकाला 'बार्शी रोड' हे नाव मिळाले, परंतु माल बैलगाड्यांनीच येत राहिला. कॅल्थ्रॉप यांनी येथे हलक्या रेल्वेची पाहणी केली. योजना कागदावरून जमिनीवर यायला बरीच वर्षे लागली. १८९५ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली.

कॅल्थ्रॉप यांची मूळ कल्पना दिसायला साधी, पण दूरदृष्टीची होती. कोणत्याही वाहनाच्या एका आसावर पाच टनांहून अधिक भार येता कामा नये, मग ते इंजिन असो वा मालडबा. त्यामुळे वारभर लांबीला अवघे ३० पौंड वजनाचे रूळ पुरले. अन्य हलक्या मार्गांवर इंजिन जड आणि डबे हलके असत. रूळ व पूल बांधायचे इंजिनासाठी आणि त्यावरून न्यायचे अर्धेमुर्धे डबे, असा तो आतबट्ट्याचा व्यवहार होता. कॅल्थ्रॉप यांनी इंजिनाचे वजन अनेक आसांवर वाटले आणि डबे मात्र त्याच पाच टनांच्या मर्यादेपर्यंत भरू दिले. रुळांवर खर्च झालेल्या प्रत्येक पैशाकडून पुरेपूर काम करून घेण्याचा हा हिशेब होता. डब्यांचे सांगाडे लीड्स फोर्ज या कारखान्याच्या दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्याचे होते. भारताकडे रवाना होण्यापूर्वी लीड्सजवळील न्यूले येथे खास रूळ टाकून या गाड्यांच्या चाचण्याही घेण्यात आल्या.

पहिली पाच इंजिने लीड्सच्याच किटसन कंपनीने बांधली. संग्राहकांच्या भाषेत ती '०-८-४ टी' रचनेची. पुढे आधाराचे चाक नाही, मध्ये आठ चालक चाके, मागे आधाराची चार चाके आणि पाण्याची टाकी इंजिनाच्याच अंगावर, असा त्याचा अर्थ. चार चालक आसांवर प्रत्येकी पाच टन, म्हणजे वीस टन वजन थेट ओढीच्या कामी येई. भारतात मानाने जपलेले १८५५ चे 'फेअरी क्वीन' हे इंजिनही याच किटसन घराण्याचे.

बार्शीचा प्रयोग यशस्वी ठरल्यावर कॅल्थ्रॉप यांचा सल्ला दूरदूर मागितला जाऊ लागला. वेस्ट इंडीजमधील बार्बाडोसची रेल्वे १८९८ मध्ये त्यांनी याच अडीच फुटी मापावर आणली. त्यानंतर आली खुद्द इंग्लंडमधील स्टॅफर्डशरची लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे. जून १९०४ मध्ये सुरू झालेल्या या जेमतेम आठ मैलांच्या मार्गासाठी किटसनने दोन इंजिने दिली. चाकरचना २-६-४, टाकीवाली, आणि मुखवटा थेट बार्शीच्या वळणाचा. एकाचे नाव 'ई. आर. कॅल्थ्रॉप', दुसऱ्याचे 'जे. बी. अर्ल'. इंजिनाच्या कपाळावर माळरानावरच्या गुराढोरांना दुरून दिसावा असा भलाथोरला दिवा होता. इंग्लंडच्या त्या चिमुकल्या दरीत त्याचे काहीच प्रयोजन नव्हते. डब्यांच्या टोकांना सज्जे होते आणि रंग फिकट पिवळा. मुख्य मार्गाचे मालडबे जसेच्या तसे पाठीवर घेऊन जाणारी वाहक वाघिणीही तेथे होती. कुर्डुवाडीच्या हमालांना पोत्यांची जी चढउतार करावी लागे, तिच्यावरचा हा उतारा.

मॅनिफोल्डची गाडी मार्च १९३४ मध्ये बंद पडली आणि दोन्ही इंजिने यथावकाश भंगारात गेली. पण अल्पायुषी, देखण्या आणि काहीशा विक्षिप्त गाड्यांवर प्रतिकृतिकारांचा विशेष जीव असतो. त्यामुळे केवळ तीस वर्षे चाललेल्या या मार्गाची इंजिने, त्यांचे पितळी व ओतीव धातूचे जोडसंच, डबे आणि वाहक वाघिणी अनेक प्रमाणांत निघाल्या आणि आजही हौसेने जमविल्या जातात. त्यांपैकी एखादे इंजिन मराठी वाचकाच्या हाती पडलेच, तर आपण बार्शीच्या इंजिनाचे इंग्लंडात जन्मलेले धाकटे भावंड पाहत आहोत, हे त्याने ओळखावे. थोरल्या भावंडाच्या वाट्याला तेवढे भाग्य आलेले नाही.

वास्तविक कर्तबगारी थोरल्याचीच मोठी. १९०६ मध्ये फाटा पंढरपूरला पोहोचला आणि आषाढी-कार्तिकीच्या वारीचा भार या चिमुकल्या गाडीने उचलला. १९११ मध्ये ती लातूरला गेली, १९२७ मध्ये मिरजेला टेकली आणि मार्गाची एकूण लांबी २०० मैलांच्या वर गेली. वाढत्या कामासाठी पुढे २-८-२ रचनेची, कोळशापाण्याचे स्वतंत्र टेंडर असलेली मोठी इंजिने आली. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतली आणि ती मध्य रेल्वेत विलीन झाली. वाफ गेली, डिझेल आले. या शतकाच्या आरंभी टप्प्याटप्प्याने सारा मार्ग रुंदमापी झाला. तिच्या संथपणावर विनोद करणाऱ्या महाराष्ट्राने तिच्या अभियांत्रिकीची फारशी विचारपूस केली नाही, असे खेदाने म्हणावेसे वाटते.

प्रतिकृती करणाऱ्याला नेमकी हीच विचारपूस लागते. आराखड्यांतून लांबी-रुंदी कळते. किटसन कंपनीने १९३८ मध्ये काम थांबविल्यावर तिचे आराखडे रॉबर्ट स्टीफन्सन अँड हॉथॉर्न्स या कंपनीकडे गेले. रंगाचे मात्र काय करायचे? कृष्णधवल छायाचित्रात काळा, गडद हिरवा आणि तपकिरी यांतील भेद कळत नाही. क्रमांक कोणत्या लिपीत आणि कोठे रंगविले होते, कोळशाची पेटी नंतर उंच केली होती का, वारीच्या दिवसांत डब्यांवर काय लिहिले जाई, हे ज्यांनी इंजिन चालविले, पुसले, दुरुस्त केले त्यांनाच सांगता येईल. कुर्डुवाडीचा रेल्वे कारखाना या छोट्या गाडीसाठीच वाढला. तेथे वाफेच्या इंजिनांवर हात काळे केलेली पिढी आता वयोवृद्ध झाली आहे. एखाद्या निवृत्त फिटरच्या ट्रंकेत पडलेले रंगीत छायाचित्र प्रतिकृतिकाराच्या लेखी एखाद्या ताम्रपटाहून कमी मोलाचे नाही.

या छंदात नव्याने पडणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगायला हव्यात. जुन्या प्रतिकृतीची किंमत तिच्या मूळ खोक्यासह ठरते, म्हणून खोके फेकू नये. नव्याने रंगविलेले इंजिन कितीही चकचकीत दिसले, तरी जाणकार मूळ रंगाचे, थोडे खरचटलेले इंजिनच पसंत करतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या ओतीव जस्ताच्या मिश्रधातूत शिसे मिसळले गेले असल्यास तो धातू आतून फुगतो, तडकतो आणि शेवटी भुगा होतो. या रोगावर औषध नाही. म्हणून त्या काळातील इंजिन घेताना सांगाडा वाकलेला किंवा भेगाळलेला नाही, हे भिंगाखाली पाहावे. पितळी जोडसंचांना ही भीती नसते, पण ते जोडायला डाखकामाचा हात आणि भरपूर सवड हवी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत साध्या पोलादी रुळांऐवजी निकेल-सिल्व्हरचे रूळ घ्यावेत. सोलापूरच्या कोरड्या हवेत गंजाची चिंता कमी, धुळीची अधिक.

ज्याला बार्शी लाइटच स्वतः घडवायची आहे, त्याने लहान प्रमाणात ९ मिलिमीटरच्या तयार रुळांवर मॅनिफोल्डच्या जोडसंचापासून सुरुवात करावी. मुखवट्याचे वळण तेच असल्याने हात बसायला तो उत्तम. मात्र २-६-४ चे ०-८-४ करायचे तर खालचा सांगाडा नव्यानेच बनवावा लागेल. पुढचे सुटे चाक काढायचे, चालक चाकांची एक जोडी वाढवायची आणि कपाळावरचा दिवा तेवढा तसाच ठेवायचा.