गोदींतील माणूस व त्याचें नांव

मुंबई बंदराचा इतिहास लिहिणाऱ्यांची लेखणी बहुधा दगडी बांधकामापाशीं रेंगाळते. सन १८७३ मध्यें पोर्ट ट्रस्टची स्थापना, १८७५ सालीं ससून गोदी, १८८० सालीं प्रिन्सेस गोदी, १८८८ सालीं व्हिक्टोरिया गोदी आणि १९१४ सालीं अलेक्झांड्रा गोदी, ही वंशावळ त्यांस मुखोद्गत असते. परंतु या गोद्यांवर ज्यांच्या पाठीवरून कापूस चढला व धान्य उतरलें त्या माणसांचे हातपाय शाबूत राहावे म्हणून कोणी, केव्हां व काय केलें, हा प्रश्न विचारला असतां बरींचशीं पानें कोरीं निघतात. विषय रूक्ष आहे खरा. तथापि आपल्या स्वयंपाकघरांतील कितीएक जिन्नस असल्याच एखाद्या धक्क्यावरून आलेले असतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तो अगदींच परका वाटणार नाहीं.

गोदीवरचा मृत्यु अनेक वाटांनीं येतो. जहाजाच्या फाळक्याचें तोंड उघडें असतें आणि तळ दोन-तीन पुरुष खोल असतो. अंधारांत पाय चुकला कीं संपलें. यारीला टांगलेली झोळी वाऱ्यानें हेलकावते. फळी ओली असते, अरुंद असते, तिला कठडा नसतो. सर्वांत फसवी ती लोखंडी साखळी. नित्य धक्के खाऊन लोखंड आंतल्या आंत कडक व ठिसूळ होतें. वरून ती कालच्यासारखीच दिसते आणि एके दिवशीं रोजच्याच ओझ्यानें काडीसारखी तुटते. तिला ठराविक मुदतीनें तापवून हळूहळू निवविणें एवढाच त्यावर उपाय असे. असे अपघात मजुराच्या निष्काळजीपणानें होतात, असें म्हणण्याचा सुशिक्षितांचा एक प्रघात आहे. साखळीची ही जरा हमालानें कोणत्या डोळ्यांनीं पाहावी, आणि पेटीचें वजन पेटीवर लिहिलेलें नसतां तें त्यानें कशावरून ओळखावें, याचें उत्तर मात्र हे टीकाकार देत नाहींत.

इंग्लंडांतही ही स्थिति फार निराळी नव्हती. सन १८८९ मध्यें लंडनच्या गोदी-कामगारांनीं जो प्रसिद्ध संप केला, त्यांतील तासाला सहा पेन्सांची मागणी सर्वांस स्मरते. परंतु कामावर घेतलेल्या माणसास निदान चार तासांचें काम द्यावें, ही दुसरी मागणी माझ्या मतें अधिक अर्थपूर्ण होती. सकाळीं दाराशीं गर्दी करावी, मुकादमानें बोट दाखवावें, दोन तासांनीं घालवून द्यावें, अशा रीतीनें राबणारा मनुष्य तुटक्या शिडीबद्दल तक्रार करील तरी कशी? तो बोलला तर उद्यां बोट दुसऱ्याकडे वळेल. पुढें १९०४ सालीं तेथें गोद्यांसाठीं स्वतंत्र नियम झाले. नंतर जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें १९२९ सालीं दोन करार केले. पहिल्यान्वयें हजार किलो व त्याहून अधिक वजनाच्या जहाजी गांठोड्यावर त्याचें वजन लिहिलें पाहिजे असें ठरलें. दुसरा गोदींतील अपघातांविषयींचा. तो १९३२ सालीं सुधारण्यांत आला. फाळक्याभोंवतीं कठडा किती उंच असावा, साखळी किती महिन्यांनीं तापवावी, येथपर्यंत त्यांत तपशील आहे. असल्या कलमांस कोणी वाङ्मय म्हणणार नाहीं. पण त्यांतील बहुतेक वाक्यें कोणाच्या तरी रक्तानें लिहविलेलीं आहेत.

आतां आपल्याकडे वळूं. मुंबईच्या गोदींत मजूर पुरविणारा ‘तोलीवाला’ म्हणून एक मध्यस्थ असे. बोट वाहतूक कंपनीची, काम कंत्राटदाराचें, माणसें तोलीवाल्याचीं. अपघाताच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालीं झाला होता. परंतु हातांची बोटें गेलेल्या माणसानें या तिघांपैकीं कोणाच्या दारीं उभें राहावें, हें कोडेंच होतें. मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशननें १९३१ सालीं अहवाल दिला, आणि १९३४ सालीं हिंदी गोदी-कामगारांचा कायदा मंजूर झाला. येथवर सर्व ठीक झालें. परंतु त्या कायद्याचा अंमल सुरू झाला तो १९४८ सालीं! मध्यें चौदा वर्षें गेलीं. वजन लिहिण्याविषयींचा जो करार १९२९ चा, त्यासंबंधींचा आपला कायदा तर १९५१ चा आहे.

या चौदा वर्षांच्या पोटांतच १४ एप्रिल १९४४ हा दिवस येतो. ‘फोर्ट स्टिकीन’ नांवाचें जहाज १२ तारखेस व्हिक्टोरिया गोदींत लागलें. त्यांत सुमारें चौदाशें टन स्फोटकें होतीं. शिवाय कराचीस कापसाच्या गांठी, तेलाचीं पिंपें, लांकूड व गंधक भरलेलें होतें. कापूस व दारूगोळा एकाच जहाजांत! स्फोटकें असल्याची खूण म्हणून तांबडें निशाण लावावयाचें, तेंही लावलेलें नव्हतें. दुपारीं जेवणाच्या सुट्टीनंतर धूर दिसला. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला व सुमारें अर्ध्या तासानें दुसरा. १९३४ चा कायदा अंमलांत असता तर हा अनर्थ टळला असता, असें मी म्हणत नाहीं. युद्धकालांतील दारूगोळ्याची गोष्ट वेगळी होती. पण पोटांत काय आहे हें बाहेर लिहिलेलें नसणें, हा दोष त्या वजनहीन पेटीचाच होता, फक्त शहराएवढा मोठा.

त्या जहाजावर सोन्याच्या १२४ लगडी होत्या, हें आपणांस नक्की ठाऊक आहे. त्यांपैकीं एक मैलभर दूर एका घरांत जाऊन पडली, याचीही नोंद आहे. अग्निशामक दलाचे ६६ जवान कामीं आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल पाळला जातो, व तें योग्यच आहे. परंतु एकंदर किती माणसें मेलीं? कोणी आठशें म्हणतो, कोणी तेराशें. या पांचशेंच्या फरकाचें एक कारण उघड दिसतें. त्या दिवशीं रोजावर कोण कोण आलें होतें, हें सांगणारी एकच एक यादी नव्हती. ज्याचें नांव सकाळीं कोणी लिहून घेतलें नाहीं, त्याला संध्याकाळीं मेलेल्यांत तरी कसें मोजावें?

म्हणूनच १९४८ सालच्या दोन गोष्टी मला एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटतात. एक म्हणजे सुरक्षिततेच्या कायद्याचा अंमल. दुसरी, गोदी-कामगारांच्या नोकरीचें नियमन करणारा कायदा, ज्याखालीं १९५१ सालीं मुंबईस डॉक लेबर बोर्डाची योजना लागू झाली. नांव नोंदवहींत चढलें, पाळीपाळीनें काम मिळूं लागलें, काम नसलें तरी हजेरीचा भत्ता ठरला. पी. डिमेलो यांच्यासारख्यांच्या संघटनेचें बळ त्यामागें होतें. १९६९ सालीं महाराष्ट्रानें हेंच तत्त्व माथाडी कामगारांच्या कायद्यानें बाजारपेठांत व वखारींत नेलें. अण्णासाहेब पाटील यांचें नांव त्याच्याशीं कायमचें जोडलें गेलें आहे. याच सुमारास, १९६७ सालीं, जिनीव्हाच्या परिषदेनें प्रौढ पुरुषानें उचलावयाच्या ओझ्यास ५५ किलोंची मर्यादा सुचविली. आपल्या पेठांतील पोतें तेव्हां शंभर किलोंचें होतें.

त्यानंतर ओझ्यानेंच आपला मुक्काम हलविला. सन १९५६ मध्यें अमेरिकेंत ‘आयडियल एक्स’ जहाजानें ५८ पेटारे नेले, आणि कंटेनरचें युग सुरू झालें. १९८९ सालीं न्हावाशेवा बंदर चालू झाल्यावर तें आपल्या दारांत आलें. पेटारा बंदरांत उघडत नाहीं. तो भिवंडीसारख्या ठिकाणच्या वखारींत उघडतो. जुन्या फाळक्याची जागा आतां वखारीचा ओटा व मालमोटार यांमधील वीतभर फटीनें घेतली आहे. माल भरणारा मनुष्य एक पाय ओट्यावर, एक पाय गाडींत असा उभा असतो, आणि ‘झालें’ असें समजून चालक गाडी पुढें घेतो. यावरील उपाय फार खर्चाचे नाहींत. चाकांखालीं ठोकळा घालावा, फटीवर भक्कम लोखंडी पत्रा टाकावा. आणि ज्या वखारींत व्यवस्था नीट असते तेथें गाडी मागें लागतांच तिची किल्ली कारकून आपल्याकडे घेतो, खिळ्याला अडकवितो, आणि आंतला शेवटचा मनुष्य बाहेर येऊन वहींत सही करीपर्यंत ती चालकास परत देत नाहीं.